वडसा की देसाईगंज : माध्यमांतल्या डेटाच्या कामाची वाट

बारावी किंवा पदवी हातात घेऊन बसलेली मुलेमुली आणि त्यांचे आईवडील हल्ली काही ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. डेटा सायन्स शिकायचे आहे, बातमीदारीचीही ओढ आहे, दोन्ही एकत्र जमेल का? कला शाखेतून आलो तर दार बंद आहे का? कर्ज काढून पुण्याला क्लास लावावा का? आणि सगळ्यात शेवटी, जरा खालच्या आवाजात : चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना यात कोण विचारणार?

हा शेवटचा प्रश्नच आधी घेऊ. मुंबईच्या टेबलावर जो आकडा नुसता एक रकाना असतो, त्याच्या मागचे गाव, नदी, नाका आणि तो आकडा लिहिणारा माणूस तुम्हाला ठाऊक असतो. या क्षेत्रात ही ओळख फार मोलाची आहे. ती कामाला लावायची कशी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

हे काम नेमके कोणते?

माध्यमांत डेटाचे काम दोन वेगळ्या खोल्यांत चालते. आपण कोणत्या खोलीत बसू शकू, याचा अंदाज आधी घ्या.

- संपादकीय बाजू : आकड्यांतून बातमी शोधणे, नकाशे आणि आलेख करणे, मतदान केंद्रनिहाय निकाल तपासणे, पुढाऱ्यांच्या दाव्यांची पडताळणी करणे. इंडियास्पेंड, हैदराबादची फॅक्टली, लँड कॉन्फ्लिक्ट वॉच, 'द हिंदू'चा डेटा विभाग ही या कामाची नावे. त्यांचे जुने काम वाचणे हाच पहिला अभ्यासक्रम समजा.
- व्यवसायाची बाजू : कोणती बातमी किती वाचली गेली, वाचक कुठे सोडून जातो, वर्गणीदार का गळतात, कोणती जाहिरात कोणाला दाखवायची. वृत्तपत्रांचे डिजिटल विभाग, ओटीटी कंपन्या आणि जाहिरात संस्था अशी माणसे घेतात. टीव्हीच्या प्रेक्षकांची मोजणी करणारी बार्क इंडिया ही संस्थाही याच बाजूची.

दुसऱ्या बाजूला जागा जास्त असतात आणि पगार बरा असतो, पण सांख्यिकी आणि प्रोग्रॅमिंग पक्के लागते. पहिल्या बाजूला जागा कमी. तिथे प्रश्न विचारण्याची सवय आणि लिहिता येणे याला वजन आहे. दोन्हींचा पाया सारखाच असल्यामुळे पहिल्या वर्षात निवड करण्याची घाई नको.

आकड्यांची शाळा इथेच भरली होती

गडचिरोलीत डेटा ही नवी गोष्ट नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात इथल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावे ठेवली. गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. त्या घरोघरी जाऊन बाळ तपासायच्या, वजन करायच्या, जे दिसले ते लिहून ठेवायच्या. त्या नोंदींवर उभा राहिलेला निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींत ही पद्धत आली. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने तर महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीपर्यंत पोहोचतच नाहीत, हे समोर आणले.

यातून तुमच्या कामासाठी दोन सवयी घ्या. ती ४७ गावे नसती, तर ३९ गावांतला बदल कशामुळे झाला हे कोणालाच सांगता आले नसते. म्हणून कोणताही आकडा हाती आला की 'कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न पहिला विचारा. आणि रकान्यात शून्य दिसले, तर घटना घडलीच नाही की कोणी लिहिलीच नाही, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कोणीही शिकवील. या सवयी मात्र तुम्हाला स्वतःच लावून घ्याव्या लागतील.

शिकायचे काय, आणि पैसे कुठे घालायचे

क्रम असा ठेवा :

1. स्प्रेडशीट. एक्सेल, गूगल शीट्स किंवा फुकट मिळणारे लिबरऑफिस कॅल्क. गाळणी लावणे, पिव्होट टेबल, दोन तक्ते जोडणे. यात दोन-तीन महिने गेले तरी ते वाया गेले असे मानू नका. बातमीदारीतला मोठा भाग एवढ्यावर निभतो.
2. शाळेतले गणित पुन्हा. टक्केवारी, दर, सरासरी आणि मध्यक, दर लाख लोकसंख्येमागे प्रमाण. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांवर आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आसपास होती. या दोन जिल्ह्यांचे नुसते एकूण आकडे शेजारी ठेवले की चूक ठरलेलीच.
3. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या तक्त्यांतून माहिती काढण्याची भाषा, मग पायथॉन किंवा आर. पायथॉन आणि आर दोन्ही एकदम नको.
4. क्यूजीआयएस. नकाशे करण्याचे हे मोफत सॉफ्टवेअर. जंगलाच्या जिल्ह्यातल्या माणसाने हे शिकलेच पाहिजे. इथला जवळजवळ प्रत्येक प्रश्न जमिनीला बांधलेला असतो.
5. डेटारॅपर किंवा फ्लरिश. आलेख छापण्याजोगे करण्यासाठी.

एटापल्ली, भामरागड, सिरोंच्याकडे नेटचा भरवसा नसतो, हे ध्यानात ठेवूनच साधने निवडा. कॅल्क, पायथॉन आणि क्यूजीआयएस एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कॅल्कसारखे धडे मराठीतूनही आहेत. तालुक्याच्या गावी आलात की ते उतरवून घ्या. गावात फिरून माहिती गोळा करायची असेल, तर कोबो टूलबॉक्स मोबाइलवर नेटशिवाय नोंदी घेते आणि नेट आल्यावर पाठवते.

पदवीच हवी असेल, तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी तुमच्या सोयीची आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाला बारावीची शाखा आड येत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असावे लागते आणि पात्रता फेरी पार करावी लागते. मध्येच थांबलात तरी टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कात ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे, म्हणून जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. त्या प्रवासाचा खर्चही हिशेबात धरा. पत्रकारितेचा पाया हवा असेल, तर भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. स्वयम् आणि एनपीटीईएल या ऑनलाइन मंचांवरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

आता त्या 'नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासांविषयी. या एका बाबतीत मला हात जोडून सांगावेसे वाटते : पहिल्या सहा महिन्यांत कर्ज काढून कोणताही क्लास लावू नका. पुष्कळदा फी 'सोप्या हप्त्यांत' म्हणून जी सांगितली जाते, ती प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचे तुमच्या किंवा वडिलांच्या नावावरचे कर्ज असते. क्लास आवडला नाही, बंद पडला, तरी हप्ता थांबत नाही. सही करण्यापूर्वी हे पाहा :

- पैसे क्लास घेणार की वित्तसंस्था? करारावर कोणाचे नाव आहे?
- मध्येच सोडल्यास किती रक्कम परत, किती दिवसांत, हे लेखी आहे का?
- 'हमी' म्हणजे नोकरी, मुलाखत की नुसता बायोडेटा पाठवणे?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. निवडीच्या किंवा नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला त्यांत मनाई आहे. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क पडत नाही. पावत्या, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे बोलणे जपून ठेवा.

पहिला प्रकल्प आपल्याच मातीवर करा

नोकरी देणारा संपादक प्रमाणपत्राआधी तुमचे काम पाहतो. सरावासाठी सगळेच वापरतात तो टायटॅनिकच्या प्रवाशांचा तक्ता सोडवलेले हजारो अर्ज त्याच्याकडे असतात. तुम्ही त्याला असे काही दाखवा जे दुसरे कोणी दाखवू शकणार नाही. तीन विषय सुचवतो.

चंद्रपूरची हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. शहरात आणि खुटाळा एमआयडीसीत सतत मोजणारी केंद्रे आहेत आणि त्यांचे आकडे मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. वर्षातले किती दिवस ती ओलांडली गेली, हे मोजा. पण त्याआधी केंद्र किती तास बंद होते ते मोजा. दिवसाचा हवा गुणवत्ता निर्देशांक काढायला किमान १६ तासांच्या नोंदी लागतात. गाळलेले दिवस उन्हाळ्यातले की हिवाळ्यातले, यावर तुमचा निष्कर्ष उलटू शकतो.

भामरागडचा पूल. पर्लकोटा नदीला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला की भामरागड तुटते, ही बातमी दर पावसाळ्यात येते. पण गेल्या दहा वर्षांत एकूण किती दिवस तुटले? जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे दैनंदिन अहवाल आणि वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळून ही यादी तुम्ही स्वतः तयार करू शकता. इथे डेटा आयता नाही, तुम्हीच तो घडवता. संपादकाच्या नजरेत याची किंमत सर्वांत जास्त.

वाघ आणि माणूस. हा विषय सर्वांत जवळचा आणि सर्वांत अवघड. अखिल भारतीय व्याघ्र गणनेत महाराष्ट्रात २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघ आढळले. हे सांख्यिकी अंदाज आहेत, एकेक वाघ मोजलेला नाही, हे लिहायला विसरू नका.

खरी अडचण माणसांवरच्या हल्ल्यांचे आकडे जोडताना येते. वनखात्याची हद्द आणि महसूल खात्याची हद्द एक नाही. चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी आणि मध्य चांदा असे वनविभाग, शिवाय ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा आणि बफर क्षेत्र, शिवाय वनविकास महामंडळाचे जंगल. गडचिरोलीकडे गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा हे वनविभाग. हल्ल्याची नोंद वनविभागाच्या वहीत, लोकसंख्या मात्र तालुक्याच्या वहीत. 'जिल्ह्यात इतके मृत्यू' असा आकडा छापताना या सगळ्या वह्या जोडल्या की एखादी राहिली, हे विचारणारा माणूस न्यूजरूममध्ये लागतो. तो तुम्ही होऊ शकता.

नावांचेही तसेच. लोक म्हणतात वडसा, रेल्वे स्टेशन वडसा, वनविभाग वडसा, पण तालुका देसाईगंज. शहर बल्लारपूर, स्टेशन बल्लारशाह. सावली, मूल, ब्रह्मपुरी यांची इंग्रजी स्पेलिंगे प्रत्येक खात्यात निराळी, आणि यांत्रिक भाषांतरात 'मूल' तालुक्याचे लहान लेकरू होऊन बसते. म्हणून तक्ते नावावरून जोडू नका. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गाव-तालुक्याला क्रमांक आहे, तो वापरा. आणखी एक खड्डा : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. १९८१ च्या जनगणनेतले 'चंद्रपूर' आणि १९९१ चे 'चंद्रपूर' हे दोन वेगळे भूभाग आहेत. दोन्ही एका रेषेवर काढलेत तर जिल्ह्याची लोकसंख्या कोसळल्यासारखी दिसेल.

सरकारी पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये असतील तर मजकूर उतरवताना अक्षरांचा चुराडा होतो. स्कॅन केलेल्या पानावरून एआयच्या मदतीने आकडे काढलेत, तर १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल तपासा. दर पानाची बेरीज मूळ बेरजेशी जुळते का, ते हाताने पाहा.

माहिती मागणे हा तुमचा हक्क आहे

संकेतस्थळावर नसलेली माहिती माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नको, दाखल्याची प्रत जोडावी. प्रत्येक वनविभागाला स्वतंत्र अर्ज करा. मजकूर असा ठेवता येईल :

'१ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२५ या काळात आपल्या वनविभागाच्या हद्दीत वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात झालेल्या मनुष्यमृत्यूंची घटनानिहाय माहिती पुढील रकान्यांत मिळावी : दिनांक, परिक्षेत्र, तालुका, गाव, प्राणी, घटना जंगलात की शेतात, भरपाई मंजुरीचा दिनांक, भरपाई अदा केल्याचा दिनांक. मृतांची वा वारसांची नावे नकोत. माहिती संगणकावर उपलब्ध असल्यास एक्सेल स्वरूपात द्यावी.'

नावे नकोत, हे आपणहून लिहिण्याने दोन फायदे होतात. दुःखात असलेल्या घराची अब्रू राखली जाते, आणि वैयक्तिक माहितीचे कारण देऊन अर्ज फेटाळायला वाव उरत नाही. 'का', 'कसे' असे प्रश्न अर्जात विचारू नका, नोंदी मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही निराशा झाली तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जा. प्रत्येक अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. पोचपावतीचा फोटो लगेच काढून ठेवा. वेळ जातो, म्हणून पहिला अर्ज शिकायला सुरुवात केली त्याच महिन्यात टाका. पायथॉन शिकून होईपर्यंत उत्तर हातात असेल.

काय छापायचे नाही

- वाघाच्या वावराची अचूक ठिकाणे, पाणवठे, कॅमेरा ट्रॅपच्या जागा. नकाशा तालुक्याच्या किंवा परिक्षेत्राच्या पातळीवरच ठेवा. शिकाऱ्यालाही नकाशा वाचता येतो.
- लहान गावात वय, जात आणि आजार एवढ्या तीन रकान्यांवरून माणूस ओळखता येतो. पाच-सात घरांच्या टोल्याचा आकडा स्वतंत्र छापू नका, तो मोठ्या गटात मिळवा.
- गावात सर्वेक्षण करायचे तर आधी ग्रामसभेला सांगा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक अभ्यासगटात बसून विषय समजून घेतल्यावर निर्णय करत आले आहेत. गावाने दिलेली माहिती तक्ता करून गावाला परत द्या, शक्यतो माडिया किंवा गोंडीत समजावून.
- गडचिरोलीच्या आतल्या भागात जीपीएस घेऊन, फोटो काढत एकटे फिरू नका. कॉलेजचे किंवा संपादकाचे पत्र जवळ ठेवा, पोलीस पाटलांना कल्पना द्या. ड्रोन परवानगीशिवाय नकोच. आणि ज्यांनी तुमच्याशी बोलून जोखीम पत्करली, त्यांची नावे मोबाइलमध्येही ठेवू नका.

काम मिळवताना

चंद्रपूर-गडचिरोलीत 'डेटा पत्रकार' अशी पाटी लावलेली नोकरी आज जवळपास नाही. जागा नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्ली, बंगळुरूकडे. काही काम घरी बसूनही होते. हैदराबादचा विचार जरूर करा. बल्लारशाहवरून थेट गाडी आहे, आणि सिरोंच्याच्या मुलांना तेलुगू परकी नाही. सुरुवात मात्र इथूनच होऊ शकते. एखाद्या वर्तमानपत्राच्या नागपूर आवृत्तीच्या जिल्हा प्रतिनिधीला एक तयार तक्ता, एक नकाशा आणि तीनशे शब्दांचा मजकूर द्या, श्रेयनाव मागून घ्या. अशी चार कामे छापून आली की अर्जाला वजन येते. हातची नोकरी किंवा शिक्षकी सोडून यात उडी घेऊ नका, निदान एक वर्ष तरी.

काम मिळाल्यावर काही गोष्टी कागदावर घ्या. नोकरी असेल तर नेमणूकपत्र मागा. नव्या कामगार संहितेने ते देणे मालकाला बंधनकारक केले आहे. 'सहा महिने फुकट, मग बघू' याला नम्रपणे नाही म्हणा. शिकाऊ कामालाही मुदत आणि प्रवासखर्च लेखी हवा. मुक्त काम करत असाल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखाचे आणि आलेखाचे पहिले मालक तुम्हीच असता. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच मानला जातो. नुसत्या तथ्यांवर कोणाचा हक्क नसतो, तुम्ही केलेल्या मांडणीवर असतो. म्हणून मूळ फाइल पाठवण्याआधी मोबदल्याचा ई-मेल येऊ द्या. मोबदल्यातून दहा टक्के टीडीएस कापला गेला तर घाबरू नका. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, त्यासाठी पॅन कार्ड बँक खात्याशी जोडलेले असू द्या.

मुलाखतीला जाताना लॅपटॉपमध्ये तीन फाइली ठेवा : कच्चा डेटा, त्यावर काय काय केले याची तारीखवार टिपणवही, आणि छापलेले काम. मधली फाइल उघडून दाखवा. 'देसाईगंज आणि वडसा एकच, म्हणून दोन ओळी एकत्र केल्या, पण वडसा वनविभाग वेगळा ठेवला' अशी नोंद तिथे दिसली, की पुढचा प्रश्न बहुधा तुम्ही कधीपासून येऊ शकता हाच असेल.